मुठीएवढी झडप

1 फेब्रुवारी 1997. शनिवार. जपानच्या आयची प्रांतातल्या कारिया शहरात पहाटे 4 वाजून 18 मिनिटांनी ‘आयसिन सेइकी’ या कंपनीच्या पहिल्या क्रमांकाच्या कारखान्यात आग लागली. ती आटोक्यात येईपर्यंत पाचशेच्या वर यंत्रं जळून गेली होती. या कारखान्यात मोटारींच्या ब्रेकचे सुटे भाग बनत. त्यांतला एक भाग म्हणजे पी-व्हॉल्व्ह, मुठीत मावेल एवढी एक झडप. तुम्ही जोरात ब्रेक दाबता तेव्हा मागच्या चाकांवर किती दाब जाऊ द्यायचा, हे ही झडप ठरवते. दाब जास्त गेला तर मागची चाकं जाम होतात आणि गाडी घसरते. गाडीच्या किमतीच्या मानाने झडपेची किंमत अगदीच किरकोळ. पण तिच्यावाचून गाडी कारखान्याबाहेर काढता येत नाही.

टोयोटाच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांत लागणारी ही झडप त्या एकाच कारखान्यातून यायची. टोयोटाच्या असेंब्ली लाइनपाशी तिचा साठा होता काही तासांचा. रस्त्यावरच्या ट्रकांतला माल धरला तरी दोन-तीन दिवसांच्या पलीकडे काही नव्हतं. आठवडा उजाडला आणि एकेक लाइन थांबू लागली. दिवसाला सुमारे 15,000 गाड्या बनवणारी कंपनी एका झडपेसाठी खोळंबली.

हे वाचून मनात पहिला विचार येतो तो असा, की इतक्या हुशार कंपनीने चार-सहा आठवड्यांचा साठा ठेवायला काय हरकत होती? हरकत होती, आणि तीच टोयोटाच्या यशाचं मर्म होती. दुसऱ्या महायुद्धानंतर भांडवल आणि जागा, दोन्हींची चणचण असलेल्या जपानमध्ये ताइइची ओनो यांनी ‘लागेल तेव्हा, लागेल तेवढंच’ ही पद्धत टोयोटात रुजवली. जगभरच्या कारखान्यांत ती ‘जस्ट इन टाइम’ म्हणून ओळखली जाते. गोदामात पडून असलेला माल म्हणजे अडकलेला पैसा, हा तिचा निम्मा अर्थ. उरलेला निम्मा जास्त महत्त्वाचा आहे. महिन्याभराचा साठा हाताशी असला की त्यातला सदोष माल महिन्याने सापडतो, आणि तोवर तसेच आणखी हजारो नग तयार झालेले असतात. साठा तासांवर आणला की चूक त्याच दिवशी उघडी पडते आणि दुरुस्त होते. कमी साठा ठेवण्यामागे कंजुषी नव्हती, शिस्त होती.

दुसरी गोष्ट एकाच व्हेंडरवर विसंबण्याची. एका भागासाठी किमान दोन व्हेंडर असावेत, असा टोयोटाचाच दंडक होता. पण या झडपेत आयसिनचा हातखंडा होता. दर कमी, दर्जा उत्तम आणि तक्रारीला जागा नाही. मग दुसरा व्हेंडर हळूहळू मागे पडला. तसा निर्णय एका बैठकीत कुणी घेतला असेल असं नाही. दरवर्षीच्या छोट्या छोट्या शहाणपणातून हा मोठा धोका साठत गेला.

तग आणि सावरणं

पुरवठा साखळीचा हा सगळा विषय आपल्या स्वयंपाकघरात आपण फार पूर्वीच सोडवलेला आहे. गॅसचा सिलिंडर संपला की आपण नंबर लावतो आणि नवा सिलिंडर दोन-चार दिवसांनी येतो. घरात एकच सिलिंडर असेल तर तेवढे दिवस शेजाऱ्यांकडे किंवा इंडक्शनवर काढावे लागतात. म्हणून आपण ‘डबल सिलिंडर’ घेतो. एक संपला की दुसरा जोडायचा आणि त्याच दिवशी नंबर लावायचा. दुसरा सिलिंडर महिनाभर चालतो आणि नवा चार दिवसांत येतो, म्हणून आपण निर्धास्त असतो.

यात दोन काळ आहेत. पुरवठा थांबल्यावर आपलं काम किती दिवस चालू राहील, तो तग धरण्याचा काळ. थांबलेला पुरवठा पुन्हा सुरू व्हायला किती दिवस लागतील, तो सावरण्याचा काळ. पहिला दुसऱ्याहून मोठा असेल तर धक्का बसला तरी पडायला होत नाही. उलट असेल तर जो फरक उरतो, तेवढे दिवस काम बंद.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले प्राध्यापक डेव्हिड सिम्ची-लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमक्या याच दोन काळांवर एक पद्धत उभी केली आणि फोर्ड कंपनीच्या हजारो पुरवठादारांना ती लावून पाहिली. तिची खुबी अशी, की भविष्य वर्तवायची गरज राहत नाही. भूकंप होईल का, संप होईल का, युद्ध पेटेल का, याचे अंदाज बांधत बसलं तर मोठ्या आणि दुर्मीळ संकटांचे अंदाज हमखास चुकतात. त्याऐवजी प्रत्येक पुरवठादारापाशी जाऊन एवढंच विचारायचं: कारण काहीही असो, ही कडी उद्या निखळली तर आपण किती दिवस टिकू आणि ती पुन्हा जोडायला किती दिवस लागतील?

फोर्डच्या बाबतीत निघालेलं उत्तर बहुतेक खरेदी विभागांना अस्वस्थ करणारं होतं. कंपनी ज्या पुरवठादारांवर सर्वांत जास्त पैसे खर्च करत होती, तिथे धोका तुलनेने कमी होता. महागड्या भागांवर सगळ्यांचंच लक्ष असतं. मोठा धोका बऱ्याचदा स्वस्त, दुर्लक्षित भागांत दडलेला होता. म्हणजे कारियाच्या झडपेसारख्या वस्तूंत.

या चष्म्यातून पाहिलं की साखळी बळकट करण्याच्या सगळ्या उपायांची दोनच घराणी दिसतात: तग वाढवणं किंवा सावरण्याचा काळ कमी करणं. कारियात तग जवळजवळ शून्य होता. तरीही टोयोटा वाचली, कारण ती विलक्षण वेगाने सावरली.

शिवणयंत्रवाल्यांनी बनवलेली झडप

आग धुमसत असतानाच आयसिनने इतर कंपन्यांना फोन लावायला सुरुवात केली. झडपेची ड्रॉइंग फॅक्सने रवाना झाली. आयसिनची खास यंत्रं जळालेली होती, त्यामुळे प्रत्येकाने आपल्या शॉप फ्लोअरवर असलेल्या साध्या मिलिंग आणि ड्रिलिंग मशीनवर हेच काम कसं निघेल ते शोधायचं होतं. जिग, फिक्स्चर आणि लांब पात्यांचे खास ड्रिल घाईघाईने घडवले गेले. भोसरी-चाकणच्या टूलरूममध्ये उमेदवारी केलेल्या कुणालाही हे किती जिकिरीचं आहे ते सांगावं लागणार नाही. ब्रेकचा भाग म्हणजे सूतभर फरक चालत नाही.

सुमारे 60 कंपन्यांनी झडपा बनवल्या. त्यांना जिग, अवजारं आणि सुटे भाग पुरवणाऱ्या धरल्या तर दोनशेहून जास्त कंपन्या या धावपळीत उतरल्या. ‘ब्रदर’ ही शिवणयंत्रं आणि टाइपरायटर बनवणारी कंपनी. तिने मोटारीचा भाग आजवर कधी केला नव्हता. तिने एका मिलिंग मशीनवर शेकडो मनुष्यतास खर्च केले आणि दिवसाला जेमतेम चाळीसेक झडपा काढल्या. तपासणीत उतरलेली पहिली झडप आली ती ‘क्योरित्सु सांग्यो’ या छोट्या कंपनीकडून, आगीनंतर 85 तासांच्या आत. साधारण आठवड्याभरात टोयोटाच्या बहुतेक लाइन पुन्हा चालू झाल्या होत्या आणि पंधरवड्यात उत्पादन पूर्वपदावर आलं.

या काळात कुणी करार मागितला नाही, दर ठरवला नाही, आणि आपली युक्ती प्रतिस्पर्ध्याला कळेल म्हणून ती लपवलीही नाही. हिशेब मागाहून झाले. आयसिनने मदत करणाऱ्यांचा खर्च भरून दिला. शिवाय टोयोटाने आपल्या पहिल्या फळीतल्या पुरवठादारांना, त्या तिमाहीत त्यांनी टोयोटाला विकलेल्या मालाच्या किमतीच्या 1 टक्का रक्कम आभार म्हणून दिली, आणि त्यांतल्या अनेकांनी तोच कित्ता गिरवत आपल्या छोट्या व्हेंडरांनाही वाटा दिला.

हे जपानी संस्कृतीचं वैशिष्ट्य, असं म्हणून विषय संपवणं सोपं आहे. पण या कंपन्यांचे इंजिनिअर वर्षानुवर्षं एकमेकांच्या कारखान्यांत जाऊन अडचणी सोडवत आले होते. कुणाकडे कोणतं मशीन आहे आणि कुणाचा हात कशात बसलेला आहे, हे त्यांना तोंडपाठ होतं. आगीच्या दिवशी ओळखी काढायला वेळ गेला नाही.

एकच बातमी, दोन कान

सावरण्याचा काळ मोजायचा कुठून? दुर्घटना घडते तिथून की आपल्याला ती कळते तिथून? 17 मार्च 2000 च्या रात्री अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्क शहरात वीज कोसळली. वीजपुरवठ्यात चढउतार झाला आणि फिलिप्सच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात छोटी आग लागली. ती दहा मिनिटांत विझलीसुद्धा. पण चिप जिथे बनतात त्या खोलीत धुळीचा कणही चालत नाही. धूर, पाणी आणि आग विझवणाऱ्यांचे बूट यांनी ती खोली आणि तयार होत असलेल्या लाखो चिप खराब झाल्या.

या चिपचे दोन मोठे ग्राहक म्हणजे फिनलंडची नोकिया आणि स्वीडनची एरिक्सन. फिलिप्सने दोघांनाही कळवलं की आठवडाभर उशीर होईल. नोकियात येणाऱ्या मालाच्या आकड्यांत फरक पडल्याचं लगेच टिपलं गेलं. हा भाग ‘खास लक्ष’ यादीत गेला आणि फिलिप्सला रोज फोन जाऊ लागले. आठवड्याचे महिने होणार हे दिसताच नोकियाची वरिष्ठ मंडळी थेट फिलिप्सच्या वरिष्ठांना भेटली. फिलिप्सच्या इतर कारखान्यांतली शिल्लक क्षमता त्यांनी आपल्यासाठी अडवून ठेवली, काही चिपसाठी अमेरिकी आणि जपानी उत्पादकांकडे मागणी नोंदवली आणि काही ठिकाणी स्वतःचं डिझाइनच बदललं. एरिक्सनमध्ये तीच बातमी खालच्या पातळीवर अडकून पडली. वर पोचेपर्यंत बाजारातली शिल्लक क्षमता संपली होती आणि पर्यायी पुरवठादार नव्हताच. एरिक्सनचं सुमारे 40 कोटी डॉलरचं नुकसान झालं. पुढच्या वर्षी तिने आपला हँडसेटचा धंदा सोनीबरोबरच्या भागीदारीत नेला. त्यामागे इतरही कारणं होती, पण अल्बुकर्कच्या आगीने घाव वर्मी घातला होता.

आग एकच होती आणि निरोपही एकच. फरक होता तो कंपनीच्या आत वाईट बातमी वर किती लवकर चढते याचा. खालच्या माणसाला ‘गडबड आहे’ असं म्हणायची भीती वाटत असेल, तर कितीही महागडं सॉफ्टवेअर घेतलं तरी ते मूग गिळून बसतं.

पिरॅमिड नव्हे, पतंग

11 मार्च 2011 ला ईशान्य जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामीने हाहाकार माजवला. कारियाचा अनुभव गाठीशी असलेली टोयोटाही या वेळी गोंधळली, कारण नुकसान तिच्या ओळखीच्या व्हेंडरांपाशी थांबलं नव्हतं. ते त्यांच्या व्हेंडरांच्या व्हेंडरांपर्यंत गेलं होतं, आणि तिथे कोण आहे याचा पत्ता टोयोटाकडे नव्हता.

तोवर सगळ्यांच्या मनात साखळीचं चित्र पिरॅमिडचं होतं: वर एक कंपनी, खाली शंभर, त्यांच्याखाली हजार. प्रत्यक्षात आकार पतंगाचा निघाला. मध्ये फुगलेला आणि खाली पुन्हा निमुळता. वेगवेगळ्या पंधरा व्हेंडरांकडून माल घेऊन आपण धोका वाटून टाकला असं वाटावं, आणि ते पंधराही जण खाली एकाच कारखान्याच्या दारात उभे असावेत! इबाराकी प्रांतातला रेनेसास कंपनीचा नाका कारखाना तसाच होता. मोटारींच्या नियंत्रण चिप बनवणारा हा कारखाना थांबला आणि जगभरच्या मोटार कंपन्यांना घरघर लागली. फुकुशिमा प्रांतात ओनाहामा इथे मर्क कंपनीचा कारखाना होता. मोटारींच्या रंगाला चमक देणारं एक रंगद्रव्य जगात फक्त तिथेच बनत होतं. तो बंद पडताच अमेरिकेत फोर्डला विक्रेत्यांना सांगावं लागलं, की एका विशिष्ट काळ्या रंगाच्या गाड्यांची मागणी नोंदवू नका. जपानमध्ये लाट आली आणि अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाच्या आवडीचा रंग गेला.

टोयोटाने यातून दोन धडे घेतले. पहिला नकाशाचा. खालच्या फळ्यांपर्यंत कोणता भाग कुठे बनतो याची माहिती तिने गोळा केली. दुसरा साठ्याचा. जस्ट इन टाइमची ही जननी चिपच्या बाबतीत मात्र पुरवठादारांना 2 ते 6 महिन्यांचा साठा ठेवायला सांगू लागली. सगळ्या भागांचा नव्हे. ज्यांचा सावरण्याचा काळ लांब, त्यांचाच. चिपची मागणी नोंदवल्यापासून माल हातात पडायला काही महिने जातात, म्हणून तगही महिन्यांत मोजायचा. सीट किंवा बंपर बनवणारा कारखाना शेजारी असतो, तिथे तासांचा साठा पुरतो. तत्त्व तेच राहिलं, मोजमाप बदललं.

2021 साली चिपचा दुष्काळ पडला आणि एकामागून एक मोटार कंपन्या लाइन बंद करू लागल्या, तेव्हा टोयोटा बराच काळ चालत राहिली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मात्र तिलाही जगभरातलं नियोजित उत्पादन सुमारे 40 टक्क्यांनी घटवावं लागलं. साठ्याने संकट टळलं नाही, त्याने वेळ विकत मिळाला. त्या वेळात सावरणं झालं नाही तर साठा संपतोच.

हवा होती, वाहन नव्हतं

त्याच वर्षीचा एप्रिल महाराष्ट्राने कसा काढला, हे इथे कुणाला सांगायला नको. कोविडच्या दुसऱ्या लाटेत रुग्णालयं ऑक्सिजनसाठी टाहो फोडत होती. पण देशात ऑक्सिजन बनतच नव्हता असं नाही. पोलाद कारखान्यांत तो मोठ्या प्रमाणावर बनतो आणि यांतले बरेच कारखाने देशाच्या पूर्व भागात आहेत. गरज होती ती पश्चिमेला आणि दिल्लीत. मधलं अंतर कापायचं तर द्रवरूप ऑक्सिजन उणे 183 अंश सेल्सिअसला ठेवणारे क्रायोजेनिक टँकर लागतात, आणि ते मोजके होते. भरलेला टँकर विमानाने नेणं धोक्याचं, म्हणून हवाई दल रिकामे टँकर कारखान्यांपर्यंत पोचवत होतं.

19 एप्रिल 2021 ला नवी मुंबईतल्या कळंबोलीहून सात रिकामे टँकर मालगाडीच्या सपाट वॅगनवर चढवून विशाखापट्टणमला धाडण्यात आले. ही पहिली ‘ऑक्सिजन एक्सप्रेस’. वॅगनवर टँकर ठेवला की त्याची उंची ओव्हरहेड वायर, पूल आणि बोगदे यांना नडते. म्हणून 3,320 मिलिमीटर उंचीचे ठरावीक टँकरच निवडावे लागले, आणि घाटातली वाट टाळून गाडी वसईमार्गे लांबच्या रस्त्याने न्यावी लागली. 1,850 किलोमीटरहून जास्त अंतर तिने सुमारे 50 तासांत कापलं. परतताना शंभर टनांहून जास्त ऑक्सिजन नागपूर आणि नाशिकला उतरला.

या कामामागची जिद्द मोठीच. पण साखळीचा अभ्यास करणाऱ्याला त्यात आणखी काही दिसतं. तुटवडा वस्तूचा नव्हता, ती वाहून नेणाऱ्या भांड्याचा होता. आणि भांडं बोगद्यात मावेल की नाही हा प्रश्न ऐन संकटात पहिल्यांदा विचारला गेला.

त्याच सुमारास नंदुरबारची वेगळी चर्चा होती. तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिल्या लाटेतच, सप्टेंबर 2020 मध्ये, जिल्ह्यात हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा प्रकल्प उभा केला होता आणि पुढे त्यात भर घातली होती. दुसऱ्या लाटेत इतरत्र टँकरची वाट पाहिली जात असताना तिथे ऑक्सिजन जागेवर बनत होता. टँकर, घाट, ओव्हरहेड वायर हा सगळा रस्ताच त्यांनी साखळीतून काढून टाकला होता.

कुणाच्या खिशातून?

साठा ठेवणं हे आपल्याला नवीन नाही. ज्वारी पेवात आणि बळदात ठेवून जुन्या पिढ्यांनी दुष्काळ काढले. सांगलीजवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूरला हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खणलेल्या या पेवांत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. 2005 च्या महापुरात तिथे पाणी शिरलं, हळद भिजली, पेवं ढासळली. साठा भरपूर होता, पण सगळा एकाच नदीच्या काठी. म्हणून ‘साठा किती?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘साठा कुठे?’ हाही प्रश्न हवा.

त्याहून अवघड प्रश्न पैशाचा आहे. जास्तीचा साठा, दुसरा व्हेंडर, रिकामं ठेवलेलं मशीन, हे सगळं ताळेबंदात खर्च म्हणून दिसतं. न आलेल्या संकटाची बचत कुठल्याच रकान्यात दिसत नाही. म्हणून कपातीची वेळ आली की पहिली कुऱ्हाड तग धरण्याच्या सोयीवर पडते. आणि संकट आल्यावर मोठी कंपनी व्हेंडरला फर्मावते, ‘तीन महिन्यांचा माल तुमच्याकडे ठेवा.’ तो व्हेंडर आधीच बिलाच्या पैशांची वाट पाहत बसलेला असतो. त्याचं खेळतं भांडवल मालात अडकलं तर तोच आधी बुडेल आणि साखळी आणखी एका ठिकाणी तुटेल. धोका ढकलला म्हणून कमी होत नाही, तो फक्त दिसेनासा होतो.

टोयोटा दरवर्षी आपल्या पुरवठादारांकडून किंमतकपात मागते, त्यात ती कडक आहे. पण 2011 नंतर चिपचा साठा सांभाळणाऱ्यांना त्या कपातीतला काही भाग ती परत देऊ लागली. रक्कम ताळेबंदात ठळक दिसण्याइतकी मोठी नसेल. पण तग धरायला पैसे पडतात आणि ज्याला तो हवा आहे त्याने ते मोजायचे असतात, हे त्यातून मान्य झालं.

कारियाच्या आगीनंतर त्या छोट्या वर्कशॉपवाल्यांनी झडपेचा दर विचारला नाही, याचं आपल्याला कौतुक वाटतं. पण दर न विचारता रात्रभर मशीन चालवायला माणूस तेव्हाच तयार होतो, जेव्हा आजवर त्याचं बिल कुणी बुडवलेलं नसतं.